मधली खूण

आमच्या गावचा देव वर्षातले पावणेदोन महिने गावात नसतो. अणदूरचा खंडोबा आणि नळदुर्गजवळच्या मैलारपूरचा खंडोबा हे दोन देव नव्हेत. मूर्ती एकच, देवळं दोन. सव्वादहा महिने मुक्काम आमच्याकडे, मग मार्गशीर्षाच्या सुमारास पालखीतून मैलारपूरला, आणि तिथली पौषी पौर्णिमेची मोठी यात्रा उरकली की परत अणदूरला. नेण्याआणण्यासाठी दोन्हीकडच्या मानकऱ्यांमध्ये लेखी करार होतो. परगावच्या गिऱ्हाइकाला हे सांगितलं की तो आधी हसतो आणि मग विचारतो, कागद कशाला, देवावर विश्वास नाही का? देवावर आहे हो. कागद माणसांसाठी आहे.

दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, असं आपल्याकडे म्हणतात. आमचा देव दोन्ही घरी जेवतो. तो कधी कुणाचा हे ठरलेलं आहे, म्हणून त्याच्या ताटाची आबाळ होत नाही. लहानपणापासून हे इतकं अंगवळणी पडलेलं की त्यात विचार करण्यासारखं काही आहे, असं मला कधी वाटलं नव्हतं. विचार सुरू झाला तो एका चिनी गाडीमुळे.

माझं गॅरेज सोलापूर-हैदराबाद रस्त्याला आहे. पूर्वी ह्या रस्त्याला नऊ नंबर म्हणायचे, आता पासष्ट म्हणतात. खड्डे नंबर बघून पडत नाहीत. बहिणीचा मुलगा चीनमध्ये शेन्झेनला एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात कामाला आहे, मोबाइलचे सुटे भाग इकडे पाठवतात. त्याचा साहेब आपली गाडी काढतोय आणि भाच्याला ती घ्यायची आहे. व्हिडिओ कॉल लावून त्याने मला बोनेट उघडून दाखवलं, “मामा, बघा आणि सांगा.” बीवायडी कंपनीची हान, त्यातली डीएम-आय. पाच मीटरला बोटभर कमी एवढी लांब, साहेब लोकांनी मागच्या सीटवर बसून फायली चाळाव्यात अशा घाटाची सेडान. बोनेटखाली पंधराशे सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन, पायाखाली बॅटरी, आणि ती बॅटरी घरच्या प्लगवरून चार्ज होते. त्यांच्या चाचणीच्या आकड्याप्रमाणे नुसत्या बॅटरीवर 121 किलोमीटर, आणि मोठ्या बॅटरीचा प्रकार घेतला तर 242. म्हणजे कागदावर तरी अणदूरहून सोलापूरला जाऊन यावं आणि पेट्रोलचा थेंब जळू नये. त्यापुढे पेट्रोल आहेच. रस्त्यात बसायचं भय नाही.

ही गाडी मी हात लावून पाहिलेली नाही. इकडे ती विकत नाहीत. ह्याच कंपनीच्या ॲटो थ्री आणि सील इकडे मिळतात, त्या निव्वळ बॅटरीच्या. पुण्यात 2019 पासून ओलेक्ट्रा-बीवायडीच्या सिटी बस धावताहेत. हैदराबादच्या मेघा इंजिनिअरिंगला बरोबर घेऊन इथे कारखाना काढायचा त्यांचा प्रस्ताव सरकारने नाकारल्याच्या बातम्या 2023 मध्ये आल्या होत्या. तो झाला असता तर त्याचे ट्रेलर आमच्याच दारावरून गेले असते. असो.

आमच्या भजनी मंडळात मी ह्या गाडीची गोष्ट काढली तेव्हा पहिली हरकत चीनवरच आली. चिनी गाडीला भंडारा लावायचा का? ह्यावर मी फार वेळ घालवला नाही. ज्या देवाला मुसलमान भक्तांनी मल्लूखान म्हणून हाक मारली आणि ज्याची एक बायको लिंगायत वाण्याची नि दुसरी धनगराची, त्याच्या भंडाऱ्याने गाडीचा जन्मदाखला विचारायचा म्हणजे फारच झालं. दुसरी हरकत मात्र माझ्या डोक्यात राहिली. मंडळातले एक मास्तर म्हणाले, “ही गाडी म्हणजे दोन डगरींवर पाय. बॅटरीवर विश्वास असेल तर बॅटरीची घ्यावी, नसेल तर पेट्रोलची. दोन्ही पोटात ठेवणाऱ्याची एकावरही निष्ठा नाही.” लगेच दुसरा म्हणाला, “मग आपल्या देवाचं काय? त्यालाही दोन देवळं आहेत. देवाची गाडी हायब्रीडच की!” सगळे हसले आणि टाळ पुन्हा सुरू झाले.

प्रश्न तिथेच उरला. पर्याय हाताशी ठेवून धरलेली निष्ठा, तिला निष्ठा म्हणायचं का? एकादशी धरणाऱ्याने फराळाची सोय आधीच करून ठेवली तर उपास कसला, इथपासून ते देव आहे असं मानून चालणाऱ्याने नसला तर काय, ह्याचीही तजवीज करावी का, इथपर्यंत हा प्रश्न लांबतो.

देवाची गाडी हायब्रीड, हा विनोद म्हणून ठीक आहे. पण जुळवून बघायला गेलं की उलटं पडतं. त्या गाडीत देह एक आणि जीव दोन. आमच्याकडे जीव एक आणि देह दोन. मूर्ती मैलारपूरला गेली की अणदूरच्या गाभाऱ्यात दुसरी कुठली मूर्ती आपोआप चालू होत नाही. एक गाव भरतं तेव्हा दुसरं रितं होतं, आणि ते रितेपण त्या गावाला सोसावं लागतं. माझी आजी त्या महिन्यांतही देवळाकडून जाताना उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावायची. आत कोण आहे म्हणून, असं मी विचारलं तर म्हणायची, “येणार हाय न्हवं.” आमच्या गावाची श्रद्धा ह्या ‘येणार हाय’वर पावणेदोन महिने काढते. हान गाडी नेमकी ह्याच्याविरुद्ध बांधलेली आहे. रितेपण कधी येऊच नये, ह्यासाठी तिच्यात दुसरं यंत्र भरलं आहे.

मास्तरांची दोन डगरी मला पटली नाही, कारण दोन डगरींवर पाय ठेवून माझा संसार चालला आहे. मी सोलापुरात ज्या उस्तादाच्या हाताखाली शिकलो त्याच्याकडे मारुती व्हॅनला गॅसकिट बसवायचं काम जोरात होतं. तेव्हा गावोगाव वडापच्या ओम्नी घरगुती लाल सिलिंडरवर चालायच्या. बेकायदा होतं, धोक्याचं होतं, आणि सर्रास होतं. आम्ही बसवायचो ती कागदपत्राची किटं. त्यात डॅशबोर्डवर एक छोटा स्विच असायचा. वर पेट्रोल, खाली गॅस, आणि मध्ये काहीच नाही. नव्या हेल्परला ही मधली खूण फुकटची वाटायची. तिचं काम असं. पेट्रोलवरून गॅसवर जायचं तर स्विच आधी मध्ये आणायचा. पेट्रोल बंद झालं, गॅस अजून सुरू नाही. कार्बोरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी थोडा वेळ चालते, मग आचके द्यायला लागते. पहिला आचका आला की खाली गॅसवर. ही मधली खूण टाळून थेट वरून खाली मारलं तर पेट्रोल नि गॅस दोन्ही एकदम आत जातात, मिश्रण जाड होतं आणि इंजिन गुदमरून बंद पडतं. नवशिका ड्रायव्हर चालत्या गाडीत, तेही नेमक्या चढावर, हे करायचा आणि मग आम्हाला टोचन घेऊन जावं लागायचं. उस्ताद सांगायचा, “बेटा, पहले ख़ाली होने दे.”

दुसरी एक गोष्ट त्या व्हॅनांनी शिकवली. गॅस स्वस्त, म्हणून माणूस महिनोन्महिने गॅसवरच पळवायचा. पेट्रोलची बाजू विसरायचा. मग एक दिवस गॅस संपला, स्विच पेट्रोलवर टाकला, तर गाडी ढिम्म. पंपाचा पडदा सुकून चिरलेला, कार्बोरेटरच्या जेटमध्ये पेट्रोलचा डिंक झालेला. दोन बाजू आहेत म्हणून तो निर्धास्त होता आणि एकच बाजू होती. म्हणून आम्ही किट देताना बजावायचो, सकाळी चालू करताना पेट्रोलवर करा, थोडी पळवा, मग गॅसवर घ्या. हे काही माझं तत्त्वज्ञान नाही, मोठ्या कंपन्यांनाही तेच कळलं आहे. अमेरिकेत 2010 च्या शेवटी आलेली शेवरोलेट व्होल्ट ही प्लगवर चार्ज होणारी हायब्रीड. तिच्यात अशी सोय होती की टाकीतलं पेट्रोल वर्षभर पडून राहिलं तर गाडी आपणहून इंजिन सुरू करून ते जाळून टाकायची. मालकाला गरज असो वा नसो. म्हणजे दुसऱ्या बाजूला तिची पाळी सक्तीने द्यायची.

पाळी. मानकऱ्यांचा करार आणि उस्तादाची ताकीद मला इथे एका जागी दिसतात. दोघांना सांभाळायचं तर दोघांना पाळी हवी, आणि पाळी बदलताना मध्ये रितं होऊ द्यायला हवं.

आता हान. तिची गंमत अशी की तिच्यात मधली खूण लागतच नाही. इंजिन बहुतेक वेळ नुसतं जनित्र फिरवतं, ती वीज मोटारीला जाते, आणि चाकं मोटार फिरवते. वेगात सरळ रस्त्याला लागलं की क्लच धरतो आणि इंजिन स्वतः चाकांना जोडलं जातं. दामटायचं असेल तर दोघं मिळून ओढतात. जे आमच्या ओम्नीला कधी जमलं नाही ते हिला जमतं, दोन्ही एकदम, न गुदमरता. कारागिरी म्हणून मी तिला हात जोडतो. 1995 मध्ये बॅटऱ्या करायला निघालेल्या ह्या कंपनीने 2008 च्या डिसेंबरात एफ थ्री डीएम नावाची प्लगवाली हायब्रीड विकायला काढली, तेव्हा जगात कुणीच ठोक उत्पादनात तशी गाडी आणली नव्हती. 2021 मध्ये त्यांनी डीएम-आय गाड्यांसाठी आणलेल्या एका इंजिनाची उष्णता-कार्यक्षमता 43 टक्के. 2024 मध्ये ती 46 वर नेली. डिझेलच्या धुरात आयुष्य घालवलेल्या माणसालाच हे आकडे काय आहेत ते कळेल. उरलेलं सगळं सायलेन्सर आणि रेडिएटरमधून वाऱ्यावर जातं, आणि आमच्या जुन्या इंजिनांत वाऱ्यावर जाणारा हिस्सा फार मोठा होता.

भाचा मला सांगत होता, “मामा, इंजिन कधी चालू झालं कळतसुद्धा नाही.” कंपनीची फुशारकीही हीच. आणि माझी तक्रारही नेमकी हीच. आमच्या दोन्ही गावांत देव निघतो तो दिवस वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. बदल कळावा म्हणून पालखी, वाघ्या-मुरळी, भंडाऱ्याने पिवळा झालेला रस्ता. बदल कळूच नये अशी बांधणी केली की माणूस आपण कशावर चाललो आहोत हे विसरतो. आणि विसरला की सोपं असेल तिकडे घसरतो.

हे मी हवेत बोलत नाही. चीनमध्ये असल्या गाड्यांना हिरवी नंबरप्लेट मिळते. काही मोठ्या शहरांत पेट्रोल गाडीचा नंबर मिळवायचा तर सोडत काढतात नाहीतर लिलाव होतो. शेन्झेनमध्ये 2014 च्या शेवटापासून हीच तऱ्हा. हिरव्या प्लेटची वाट मात्र मोकळी. तेव्हा लोकांनी हायब्रीड घेतली, हिरवी प्लेट लावली आणि बिनधास्त पेट्रोल जाळलं. शांघायने 2023 च्या 1 जानेवारीपासून नव्या प्लगवाल्या हायब्रीडना फुकट हिरवी प्लेट द्यायचं बंद केलं. युरोपीय आयोगाने 2021 मध्ये रस्त्यावर आलेल्या गाड्यांचा खरा जाळ मोजला. असल्या हायब्रीडचा कार्बन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाला. हा अहवाल 2024 चा. कारण साधं आहे, लोक चार्ज करत नाहीत. ऑफिसची गाडी, ऑफिसचं पेट्रोल कार्ड, मग घरी येऊन वायर कोण जोडणार? त्याआधी, 2018 च्या सुमाराला, ब्रिटनमध्ये कंपन्यांच्या गाड्यांचा हिशेब ठेवणाऱ्यांना असं दिसलं होतं की काही हायब्रीडच्या केबली डिकीत प्लास्टिकच्या वेष्टनात तशाच होत्या. बॅटरीचं ओझं मात्र चोवीस तास अंगावर. एकादशी अन् दुप्पट खाशी, ह्याचं यांत्रिक रूप मला ह्याहून चांगलं सापडणार नाही.

वेष्टनातली केबल. मी ह्याच्यावर बरेच दिवस अडकलो. गळ्यात माळ घालून तंबाखू मळणारा माणूस आपण सगळ्यांनी पाहिलाय, आणि त्याला ढोंगी म्हणून मोकळे झालोय. पण केबल न उघडणारा तो ब्रिटिश साहेब ढोंगी होता असं मला वाटत नाही. त्याने गाडी घेतली तेव्हा वायर लावणारच होता. रोज रात्री मात्र टाकीत पेट्रोल होतं. वायर न लावल्याने त्याचं एकाही सकाळी अडलं नाही. ज्या गोष्टीवाचून कधी अडत नाही तिचा नेम टिकवायला माणूस फार थोर असावा लागतो, आणि तो साहेब तुमच्या-माझ्यासारखा होता. मास्तर म्हणतात तशी निष्ठा दोन बाजूंनी मरत नाही. ती अडचण न आल्याने मरते.

म्हणून मला वाटतं, आमच्याकडच्या देवांनी आपली अडचण मुद्दाम शिल्लक ठेवली आहे. तुळजापूर आमचा तालुका. तिथली भवानी वर्षातून तीनदा निजते. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की ती थेट पलंगावर, कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा. तो पलंग नगर जिल्ह्यातून येतो, तिला सिंहासनावरून उचलून त्यावर ठेवतात. लांबून आलेल्या बाईची ओटी हातात असते आणि आई झोपलेली असते. कुणी तक्रार करत नाही. पंढरपूरला ह्याच्या उलट. आषाढीला विठोबाचा पलंगच काढून टाकतात, देव चोवीस तास उभा. वारकऱ्याचं प्रेम मला कळतं, गर्दीही कळते. पण आषाढीचा तो उभा देव मला थकलेला वाटतो आणि निजलेल्या भवानीपुढे मला जास्त वेळ थांबावंसं वाटतं. ही माझी आवड समजा. तुळजापूरच्या माणसाने पंढरीबद्दल बोलू नये म्हणतात.

माझ्या गॅरेजसमोरच्या रस्त्याने हैदराबादकडे निघालं की पुढे बसवकल्याणचा फाटा लागतो. बसवण्णांनी बाराव्या शतकात तिथे स्थावरापेक्षा जंगमाला थोर मानलं, दगडी देवळापेक्षा चालत्या-बोलत्या माणसाला. आमच्या भागात लिंगायत घरं पुष्कळ, त्यामुळे हा विचार हवेतच आहे. खंडोबाची म्हाळसा त्यांच्यातली. मला कधी कधी वाटतं, आमच्या पूर्वजांनी ह्या वादात स्वतःची वाट काढली. देऊळ बांधलं स्थावर आणि देव ठेवला जंगम. देवळाचा गर्व व्हायची सोयच नाही, कारण ते दरवर्षी रितं होतं.

आणि बाणाई. धनगराची पोर, जिच्यासाठी देव मेंढरं राखायला गेला. लोकगीतांतून म्हाळसा-बाणाईचं भांडण काय रंगतं! वाघ्या-मुरळी ते भांडण रात्रभर गातात आणि कुणालाही ते देवाच्या मोठेपणाला बाधणारं वाटत नाही. जेजुरीत बाणाईचं देऊळ गडाच्या पायऱ्या अर्ध्या चढून गेल्यावर लागतं आणि म्हाळसा वर, देवाजवळ. दोघींच्या जागा वेगळ्या, आणि मधलं अंतर भक्ताच्या पायांना कळतं. दोन संसारांची कुरकुर लपवली नाही, तिलाच जागरणात बसवलं. हान बनवणाऱ्यांनी कुरकुर इतकी बेमालूम बुजवली आहे की दोन संसार आहेत हेच मालकाला आठवू नये.

हे सगळं मी मंडळात बोललो तेव्हा आमच्या इथला एक म्हातारा वाघ्या ऐकत होता. त्याचं गाण्याचं वय गेलं, पण बुद्धी कात्रीसारखी. म्हणाला, “तुमचं समदं बराबर. पण दिवटीसंगं बुधली कशाला ठिवत्यात?” मी गप्प. खंडोबाच्या पूजेतली दिवटी तेलावर जळते, आणि तिच्या शेजारी तेलाची बुधली असतेच. दिवटी मंदावली की बुधलीतून धार. ज्याच्या घरी खंडोबा कुळदैवत त्याच्या देव्हाऱ्यात ही जोडी. म्हणजे देवाच्या दिव्यालाही जादा टाकी आहे! रितेपण सोसा, अडचण शिल्लक ठेवा, असं मी सांगतोय, आणि देव स्वतः तेलाची तजवीज करून बसलाय. पालखी अंधारात अडकू नये ही काळजी भक्तीच्या आड येत नाही, हे म्हाताऱ्याला सांगायचं होतं, आणि त्याचं खरं आहे. उद्या माझ्या बायकोला रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर मला पेट्रोलची टाकी भरलेली हवी. त्या वेळी मी रितेपणाचं माहात्म्य सांगत बसणार नाही.

एवढंच म्हणेन की बुधलीतून तेल घालताना हात लागतो. दिवटी खाली घ्यावी लागते, धार नीट धरावी लागते, तेल सांडलं तर हात भाजतो. तेल घातलं हे घालणाऱ्याला आणि बघणाऱ्याला दोघांना कळतं. हे मी म्हाताऱ्याला म्हटलं. तो म्हणाला, “व्हय, त्ये हाय,” आणि तंबाखूची डबी उघडली. वाद मिटला असं नाही. मला अजूनही वाटतं त्याचं पारडं थोडं जड आहे.

भाच्याला मात्र उत्तर द्यायचं होतं, आणि त्याला मी गॅरेजवाल्याचं उत्तर दिलं. म्हटलं, मीटर बघू नकोस, डिकी उघड आणि केबल काढ. नवी कोरी असेल तर साहेबाने गाडी पेट्रोलवर पळवली, इंजिन किती झिजलं ते नीट तपासून घे. घासलेली असेल तर बरं. त्याने फोटो पाठवला. केबल चांगली मळलेली, प्लगच्या कडा झिजून गुळगुळीत, हातात धरायच्या जागी रबर चकचकीत झालेलं. साहेब रोज रात्री नेमाने वायर लावत होता. भाचा खूश. मी विचारलं, “मग इंजिन किती चाललं?” म्हणाला, “जवळपास नाहीच, मामा. ऑफिस जवळ आहे, बॅटरीवरच सगळं होतं.”

“आणि टाकीतलं पेट्रोल कधीचं?”

साहेबाला विचारून सांगतो म्हणाला. साहेबाला आठवत नव्हतं. गेल्या वर्षीचं असावं, कदाचित त्याच्या आधीचं. मी सांगितलं, टाकी रिकामी करून घे, इंजिनचं ऑइल किलोमीटर न बघता बदलून टाक, आणि ह्याचे जे पैसे होतील ते सौद्यात कमी कर. साहेब तेवढे कमी करायला तयार नाही. बोलणी अजून चालू आहेत.